पावती एक, बिऱ्हाडे तीन

२०११ च्या जनगणनेचे आकडे आले तेव्हा महाराष्ट्राच्या पस्तीस जिल्ह्यांपैकी तीनच जिल्हे असे निघाले, जिथे दहा वर्षांत माणसे कमी झाली होती. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिल्या दोन नावांचे कुणालाच नवल वाटले नाही. कोकण रिकामे होत चालल्याची तक्रार पणजोबांच्या काळापासूनची आहे. तिसरे नाव मात्र खटकायला हवे होते. मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने बेट. तिथली वस्ती ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली होती. ही घट साडेसात टक्क्यांची. रत्नागिरीची पाच टक्क्यांच्या आतच होती. ज्या दशकात गिरण्यांच्या आवारांत मनोरे चढले, वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, लोअर परळला बँका आणि जाहिरात कंपन्या आल्या, त्याच दशकात हे बेट मनीऑर्डरवर जगणाऱ्या जिल्ह्यापेक्षा वेगाने ओसरत होते.

पण ते कुणाला खटकले नाही, कारण उत्तर तयार होते. मुंबई महाग झाली, सामान्य माणसाला परवडेना, म्हणून तो डोंबिवली-बदलापूर-विरारला गेला. या उत्तराला पुढे आपापल्या सोयीची पुरवणी जोडली जाते. सभेत सांगतात, परप्रांतीयांनी आणि बिल्डरांनी त्याला हुसकावून लावले. गिरगावच्या आठवणींनी गहिवरलेल्या दिवाळी अंकातल्या लेखात सांगतात, मराठी माणसाला पैशाचा मोह आवरला नाही, खोली विकून मोकळा झाला. अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतात, भाडेनियंत्रणाने आणि बांधकामावरच्या निर्बंधांनी टंचाई झाली. भरपूर बांधा, माणसे राहतील. यातला पहिला म्हणतो हाकलले, दुसरा म्हणतो आपण होऊन गेला, तिसऱ्याला माणसाशी देणेघेणेच नाही. तिघांचे एकमेकांशी पटत नाही, पण मूळ वाक्य तिघांनाही मान्य आहे. माझा आक्षेप त्या मूळ वाक्यालाच आहे.

एक शंका आधी मिटवून टाकू. ही घट जन्म कमी झाल्याने आलेली नव्हे. मुंबईचा जन्मदर उतरला हे खरे, तरी त्या दशकात बेटावर मरणाऱ्यांपेक्षा जन्मणारेच जास्त होते. तरीही एकूण आकडा खाली गेला, म्हणजे येणाऱ्यांपेक्षा जाणारे पुष्कळच जास्त असणार. त्यांतल्या काहींच्या राहत्या जागांची दुकाने आणि कचेऱ्या झाल्या. काहींच्या रुळांलगतच्या झोपड्या हटवून त्यांना मानखुर्दकडे पाठवले गेले. हे वजा केले तरी मोठा गट उरतो, आणि तो चाळींतल्या, जुन्या भाड्याच्या इमारतींतल्या कुटुंबांचा आहे.

आता महागाईचे कारण तपासू. महाग कुणाला? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि ती पन्नास वर्षांहून अधिक काळ जवळपास तिथेच राहिली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये. गिरगाव, लालबाग, दादर, माझगावच्या चाळींत राहणारा पावतीधारक भाडेकरू महिन्याला जे भाडे भरत होता, त्यात त्याच फुटपाथवरच्या हॉटेलात घरच्यांना एक वेळ मिसळ खाऊ घालता आली नसती. जगातल्या एका महागड्या शहरात जवळजवळ फुकट छप्पर असलेला हा वर्ग. परवडत नाही म्हणून कुणी जायचे असते, तर याने सगळ्यांच्या शेवटी जायला हवे होते. बेट ओसरले ते नेमके याच्या जाण्याने.

काळाचा क्रमही महागाईच्या बाजूने बोलत नाही. बेटाची लोकसंख्या १९८१ मध्ये ३२ लाख ८५ हजार होती आणि १९९१ मध्ये ती ३१ लाख ७५ हजारांवर उतरलेली होती. जागांच्या भावांचा पहिला मोठा भडका उडाला तो नव्वदच्या दशकात, उदारीकरणानंतर. म्हणजे भडक्याच्या आधीच्या दहा वर्षांत एक लाखाहून जास्त माणसे कमी झालेली होती. यावर कुणी म्हणेल, तो १९८२ च्या संपाचा परिणाम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले कित्येक गिरणीत परतलेच नाहीत, हे खरे आहे. त्या कुटुंबांपैकी ज्यांनी खोल्या विकल्या त्यांनी उपासमार टाळण्यासाठी विकल्या. पण मग ते कारण रोजगार जाण्याचे झाले, भरभराटीतल्या महागाईचे झाले नाही. शिवाय गिरणगाव म्हणजे अख्खे बेट नव्हे. ठाकूरद्वारचा बँक कारकून आणि दादरचा मास्तर संपावर नव्हते. तेही मुलुंड-डोंबिवलीला गेले.

मग गेले कोण आणि कधी? पीटर रॉसी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९५५ मध्ये ‘व्हाय फॅमिलीज मूव्ह’ हे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की कुटुंब घर बदलते ते मुख्यतः कुटुंबाचा आकार आणि रचना बदलली म्हणून. लग्न होते, मुले होतात, मुले मोठी होतात आणि जुन्या घरात ती मावत नाहीत. त्याची कुटुंबे आणि आपली चाळ यांत सात समुद्रांचे अंतर आहे, पण त्याने प्रश्न योग्य जागी ठेवला. माणूस राहते घर महाग झाले म्हणून उठत नाही. घरातून दुसरे बिऱ्हाड निघते तेव्हा त्याला दुसरी जागा लागते, आणि ती जागा तिथे नसते.

समजा, परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. आत मोरी, वर पोटमाळा, बाहेर सामायिक गॅलरी, टोकाला संडास. पावती वडिलांच्या नावे. घरात दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन जाते. तिच्या जाण्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही, पण बेट सोडणारे पहिले माणूस बहुतेक घरांत तीच असते आणि या सगळ्या चर्चेत तिची नोंद कुठेच नाही. थोरल्याचे लग्न होते. पोटमाळ्यावर, पडद्याआड, गॅलरीत झोपणाऱ्या बापाच्या खोकल्याच्या अंतरावर त्याचा संसार सुरू होतो. धाकट्याचे लग्न ठरायला येते तेव्हा मुलीकडचे पहिला प्रश्न जागेचा विचारतात. इथे त्या खोलीचे दरमहा भाडे किती हा प्रश्नच नसतो. त्या दहा बाय बारात तिसरी गादी कुठे घालायची हा असतो. आणि दुसरी खोली घ्यायची तर तिच्या पागडीचा भाव धाकट्याच्या पगाराशी जुळत नाही. तो कर्ज काढून बदलापूरला वन रूम किचन घेतो. बाप तिथेच, थोरला तिथेच, पावती तिथेच. गेला तो धाकटा.

महागाई इथे आहेच. ती नाकारायचे कारण नाही. पण ती दुसऱ्या घराची महागाई आहे, आणि ती जाणवते ती आयुष्यात एका विशिष्ट वळणावर. पहिल्या घराची स्वस्ताई तर उलट काम करते. भाडे इतके कमी की खोली सोडणे म्हणजे मूर्खपणा. म्हणून कुणीच सोडत नाही. म्हणून भाड्याची नवी खोली बाजारात येतच नाही. म्हणून धाकट्याला तीन गल्ल्या पलीकडे जागा मिळत नाही. बापाला मिळालेले संरक्षण आणि मुलाला भेटलेले बंद दार हे एकाच कायद्याचे. अर्थशास्त्रज्ञ हे बरोबर सांगतात, पण ते बापाला लाभार्थी आणि मुलाला पीडित असे वेगवेगळ्या रकान्यांत टाकतात. ते दोघे एका ताटात जेवत असतात.

आता कायदा या कुटुंबाकडे कसा पाहतो ते पाहा. भाडेकरू मेला की भाडेकरूपण कुणाकडे जाते? त्याच्या मरणाच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे. तसे कुणी नसेल तर वारसाकडे. म्हणजे जो दाटीत चिकटून राहिला त्याला हक्क, जो आधी उठून गेला त्याचे हात रिकामे. धाकटा बदलापूरला गेल्यावर परत येण्याची वाट कायद्यानेही जवळजवळ बंद असते. पुढे इमारत पुनर्विकासात गेली की तीच गोष्ट सरकारी कागदावर पक्की होते. बेटावर १९६९ च्या सुमारास दुरुस्ती उपकर लागलेल्या जुन्या इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. त्यांच्यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३ (७) चे कलम आले. जुन्या भाडेकरूला फुकट घर, बिल्डरला विकायला वाढीव चटईक्षेत्र. भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट ठरले, पुढे ते ३०० झाले. आणि घरे मोजायची कशी? पावतीवरून. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेकरू-नाती धरायची नाहीत असे कलमात बजावलेले आहे. हेतू रास्त होता. खोट्या पावत्या फाडून फुकट घरे उकळणाऱ्यांना आळा घालायचा होता. परिणाम असा की एका खोलीत तीन बिऱ्हाडे जेवत असली तरी यादीत एकच नाव, आणि नव्या इमारतीत एकच घर.

घोडे पेंड खाते ते इथे. चाळीतल्या माणसांची मोजदाद डोक्यांनी केली तर ती दाट वस्ती आहे, पावत्यांनी केली तर विरळ. पुनर्विकास पावत्यांनी मोजतो, म्हणून पुनर्विकासानंतर तिथली माणसे कमी होतात. नव्या घरात लिफ्ट असते, स्वतंत्र संडास असतो, दारात उभे राहून जगाशी बोलता येत नाही याचे दुःख असते, पण दोन भावांचे दोन संसार त्या ३०० फुटांतही मावत नाहीत. तेव्हा ते बसून हिशेब करतात. या घराचे बाजारात जे येतील त्यात डोंबिवलीला दोन घरे, उरलेले बँकेत. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणे गुन्हा होता, पैसा काळा होता, त्यामुळे विकण्याची भीती होती. १९९९ च्या कायद्याने भाडेकरूपण पैसे घेऊन हस्तांतरित करायला उघड परवानगी दिली, मालकाचा वाटा देऊन. मालकी हक्काच्या नव्या फ्लॅटला तर तेवढेही बंधन नाही.

या व्यवहाराला मोह म्हणणारे लेखक मला नेहमी थोडे चकित करतात. दोन भावांमध्ये एक वाटणी करायची आहे आणि वस्तू अशी आहे की तिचे दोन तुकडे होत नाहीत. शेत असते तर बांध घातला असता. खोली विकूनच वाटावी लागते. वाटणीच्या भांडणात कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा विकून दोघांनी दोन दारे केली, यात लोभ कुठे आला? उलट, घर वाढत्या किमतीचे नसते तर ते विकून दोन घरे आलीच नसती. ज्या महागाईने धाकट्याला हाकलले म्हणतात, तिनेच दोघांना बाहेर घर घेण्याची ऐपत दिली. बेट सोडण्याचे बळ बेटाच्याच भावातून आले.

परप्रांतीयांचे काय? या पक्षाला माझ्यापेक्षा जास्त सहानुभूती मिळते, म्हणून त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे. २००१ ते २०११ या काळात बृहन्मुंबईतल्या मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या साधारण सव्वापंचेचाळीस लाखांवरून चव्वेचाळीस लाखांवर आली आणि हिंदी सांगणाऱ्यांची सुमारे दहा लाखांनी वाढली. हे आकडे समोरासमोर ठेवले की निष्कर्ष हाताशी आल्यासारखा वाटतो. एक आला, एक गेला. पण आला तो कोणत्या जागेत आणि गेला तो कोणत्या जागेतून? गोरखपूरहून आलेला तरुण बायकापोरांना गावी ठेवून येतो, आठजणांत एक खोली भाड्याने घेतो किंवा कामाच्या जागीच झोपतो, आणि उरलेले गावी पाठवतो. त्याच्या संसाराचा खर्च गोरखपूर उचलते. त्याला कुटुंबाचे घर लागतच नाही, म्हणून कुटुंबाच्या घराचा भाव त्याला अडवत नाही. गिरगावच्या पागडीच्या खोलीवर बोली लावायला तो आलेला नाही.

आणि हा मार्ग त्याने शोधलेला नाही. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. बाकीच्या कुठे होत्या? रत्नागिरीत, साताऱ्यात, घाटावर. संगमेश्वरचा, चिपळूणचा, पाटणचा माणूस गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकत होता. दिवसपाळीचा उठला की त्याच पथारीवर रातपाळीचा पडत होता, खाणावळीत जेवत होता, आणि गणपती-शिमग्याला गावी जात होता. गिरणी कामगाराचा हा गावाशी न तुटलेला धागा इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी विस्ताराने दाखवला आहे. गोव्याच्या बोटीवरच्या माणसांचे धोबीतलाव-माझगावकडचे कूड याच व्यवस्थेची दुसरी आवृत्ती. तेव्हाची मुंबईही तिच्या काळाच्या मानाने महागच होती. वरळीच्या सरकारी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या तेव्हा बऱ्याचशा रिकाम्या पडल्या होत्या, कारण कामगाराला ते भाडे आणि तो पल्ला दोन्ही जड होते. तरी कोकणातून माणसे येतच राहिली. शहर महाग असण्याने एकट्याचे येणे थांबत नाही. त्याच्या नातवाने, ज्याचे गाव आता मुंबईच आहे, संसार थाटायला काढला की मग शहर त्याला सांगते, इथे जागा नाही. आजोबा ज्या दाराने आत आले त्याच दाराने आज दुसरा कुणी आत येतो आहे. नातवाला बाहेर काढणारे दार वेगळे आहे. या दोन दारांची गल्लत करून निवडणुका लढवता येतात, जाणारे थांबवता येत नाहीत.

मराठी माणसाच्या स्वभावातच काही खोट आहे म्हणणाऱ्यांनी जरा काळबादेवी-भुलेश्वरकडे नजर टाकावी. तिथला गुजराती व्यापारी पैशाला कच्चा आणि जागेची किंमत न कळणारा असे कुणी म्हणणार नाही. त्याची पेढी तिथेच राहिली आणि बिऱ्हाड घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीला गेले. त्याचा पल्ला आपल्यापेक्षा अर्धा, कारण खिसा दुप्पट. पण दिशा तीच, आणि निमित्तही तेच: मुलाचे लग्न.

या सगळ्यात एक समाज वेगळा उठून दिसतो. दादरची पारशी कॉलनी, कुलाब्याचा खुसरो बाग, भायखळ्याचा रुस्तम बाग. पारशांची संख्या घसरली ती जन्म थांबल्याने आणि परदेशी जाण्याने. विरारला जाण्याने नव्हे. त्यांच्याकडे पंचायतीच्या आणि न्यासांच्या मालकीची हजारो घरे होती आणि ती वाटताना लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांची गरज मोजली जाई. त्या वाटपावरून त्यांच्यात कज्जे झाले, आरोप झाले, निवडणुका गाजल्या, ते असो. बेटावर राहून बेटावरच दुसरे बिऱ्हाड थाटण्याची काही सोय ज्या समाजापाशी होती, तो समाज बेटावर राहिला. भाव त्याच्याही दारात तेच होते.

आता सर्वांत तगडा प्रतिपक्ष. आलँ बर्तोसारखे नगरअभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले की मुंबईइतके आखडते चटईक्षेत्र फार थोड्या महानगरांनी ठरवले असेल. बेटावर १.३३, उपनगरांत १. त्यावर १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा, जो महाराष्ट्राने २००७ पर्यंत सोडला नाही. जमीन समुद्राने वेढलेली, उंचीला कायद्याची कात्री, मग भाव चढणार नाहीत तर काय होईल? हे सगळे मला मान्य आहे. मान्य नाही तो पुढचा निष्कर्ष: बांधू दिले की माणसे राहतील. कारण हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन बेटाच्या ऐन मध्यावर होती. १९९१ च्या नियमाने तिचे साधारण तीन भाग व्हायचे होते. एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि शेड पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून निसटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मग बांधकाम झाले, भरपूर झाले, उंचच उंच झाले. आणि नेमक्या त्याच दशकात बेटाची अडीच लाख माणसे कमी झाली.

असे का व्हावे? कारण वाढीव चटईक्षेत्र मुंबईत कधी मोकळे मिळाले नाही. ते फुकट घरांच्या मोबदल्यात मिळाले. पावतीधारकाला, झोपडीधारकाला फुकट दिलेल्या घराचा खर्च विक्रीच्या घरातून वसूल करायचा, म्हणजे विक्रीचे घर महागच असले पाहिजे. पाचशे फुटांची चार घरे विकण्यापेक्षा दोन हजार फुटांचे एक विकणे सोपे, गिऱ्हाईक एकच, कटकट कमी. अशा इमारतीत एका टोकाला ३०० फुटांचा जुना भाडेकरू आणि दुसऱ्या टोकाला तीन गाड्यांचे पार्किंग असलेला नवा मालक. मधला माणूस, म्हणजे त्या भाडेकरूचाच नोकरी करणारा मुलगा, या इमारतीच्या नकाशात कुठे आहे? तो फुकटाला पात्र नाही आणि विकतला समर्थ नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली, देशातल्या कोणत्याही शहराहून जास्त, आणि त्याच वेळी शहरातली सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत होती. पुरवठा वाढवा हे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. कुणासाठी, किती आकाराचे आणि भाड्याने की विकत, हे तीन प्रश्न गाळून नुसत्या चौरस फुटांची बेरीज वाढवली तर काय होते ते लोअर परळच्या पुलावर उभे राहून दिसते.

मोकळ्या हवेसाठी, शांततेसाठी माणसे गेली, असेही एक मत वर्तमानपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांत वाचायला मिळते. त्याला फार जागा द्यायला नको. उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी दोन लोकल एकमेकींजवळून जाताना खाली पडले आणि काही जण दगावले. शांत आयुष्यासाठी कुणी ही गाडी पकडत नाही.

तरी या मुद्द्यात एक कामाची गोष्ट लपलेली आहे. हवाच हवी होती तर माणूस सातारा-चिपळूणला का गेला नाही, बदलापूरला का थांबला? कारण त्याची नोकरी नरिमन पॉइंटला, फोर्टला, परळला आहे आणि रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहे. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ ते २०११ मध्ये ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली. मीरा-भाईंदरची ५ लाख २० हजारांवरून ८ लाखांवर. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत पोचली. मुंबई सोडली असे आपण म्हणतो, पण रोज सकाळी सव्वासातला तो मुंबईतच यायला निघतो. ‘सोडली’ या शब्दात सुचवलेली पाठ फिरवणे इथे घडलेलेच नाही. तो शहर पकडून आहे. फक्त रात्र काढायला लांब जातो. भाड्यातला जो फरक त्याने वाचवला असे आपल्याला वाटते तो त्याने रोजच्या तीन-साडेतीन तासांत फेडलेला असतो, आणि त्या तासांचा भाव कुठल्याच रेडीरेकनरमध्ये नाही.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. आता घरोघरी एकच मूल आहे. धाकटा भाऊच उरला नाही, तर दुसऱ्या बिऱ्हाडाचे हे सूत्र चालणार कसे? चालते, आणि अधिक कडक होऊन चालते. पूर्वी तीन गाद्यांपर्यंत सोसणारी खोली आता दोन गाद्यांनाही सोसत नाही. ज्या सुनेने पदवी घेतली, नोकरी केली, ती सासूसासऱ्यांच्या देखत पडद्याआडच्या संसाराला तयार होत नाही, आणि का व्हावे? पोराला अभ्यासाला टेबल लागते. म्हाताऱ्यांचे औषधपाणी, रात्रीचे उठणे वेगळे. बिऱ्हाड वेगळे होण्यासाठी आता भाऊ असावा लागत नाही, आई-बाप असणे पुरते. एकुलत्या एक मुलाला घर आयतेच मिळेल हे खरे, पण ते मिळते तो पन्नाशीला आल्यावर. तोवर त्याची मुले कल्याणच्या शाळेत दहावीला पोचलेली असतात आणि त्यांची दोस्तकंपनी, क्लास, क्रिकेट, सगळे तिथलेच असते. तो परळचे घर भाड्याने देतो किंवा विकतो.

म्हणून १९२० च्या दशकातल्या त्या सरकारी, म्हणजे बीडीडी, चाळींच्या पुनर्विकासाचा जो गाजावाजा आहे त्याकडे मी सावधपणे पाहतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचे घर, तेही मालकी हक्काचे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या साडेपाचशेवर कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्यांना हे मिळाले याचा आनंदच आहे. पण इथेही मोजणी खोलीगणिकच झाली. ५०० फुटांत एक कुटुंब चांगले राहील, दीड कुटुंब ओढूनताणून राहील. दुसरे बिऱ्हाड निघण्याची वेळ येईल तेव्हा त्याच आवारात त्याला भाड्याने घेता येईल असे सार्वजनिक घर नसेल, कारण ज्या सरकारने शंभर वर्षांपूर्वी भाड्याच्या चाळी बांधल्या ते आता भाड्याने देण्यासाठी बांधत नाही, विकण्यासाठी सोडत काढते. मराठी टक्का टिकवण्याची भाषा करणाऱ्या सगळ्या पक्षांचे जाहीरनामे चाळा. मालकी हक्काच्या मोफत घराची आश्वासने पानोपानी आहेत. नव्या जोडप्याला बेटावर दहा वर्षे भाड्याने राहता येईल अशा साध्या दोन खोल्यांबद्दल एक ओळ सापडत नाही.

गिरणी कामगारांच्या बाबतीत तर सरकारने लाजही सोडली. ज्यांच्या गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे झाले त्या कामगारांच्या आणि वारसांच्या घरांसाठी शेलू आणि वांगणी सुचवली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी आझाद मैदानावर येऊन मुंबईतच घर हवे असे सांगितले. वांगणी आणि शेलू ही कर्जत मार्गावरची, बदलापूरच्या पुढची लागोपाठची दोन स्थानके. धाकट्या मुलाला नाइलाजाने जो मार्ग धरावा लागला तो आता सरकारी गृहनिर्माणाचे धोरण म्हणून बापापुढे ठेवला गेला आहे, आणि त्यासाठी दिलेले कारण तेच जुने: मुंबईत जमीन महाग आहे. ज्या जमिनीबद्दल हे सांगितले जाते तिचा एक तृतीयांश २००१ पर्यंत कागदावर सार्वजनिक घरांच्याच नावे होता.